चाळणीतली भोकं

आमच्या घरात चार चाळण्या आहेत. मैद्याची, रव्याची, कणकेची आणि चौथीची जाळी एका बाजूने सुटलीये, पण टाकवत नाही म्हणून ती माळ्यावर असते. गेल्या दिवाळीत पाचवी आली. ती माझ्या संगणकात आहे आणि तिला स्क्रीनर म्हणतात. बाजारात नोंदलेल्या सगळ्या कंपन्या तिच्यात ओतायच्या, आपल्या अटी घालायच्या आणि बटण दाबायचं. अटीत बसतील तेवढ्याच कंपन्या उरतात.

हे मी आईला समजावलं तेव्हा ती कणीक चाळतच होती. हात न थांबवता म्हणाली, "चांगलं ते वर राहतं की खाली पडतं?"

"म्हणजे?"

"अरे, कणीक चाळली की चांगलं खाली पडतं, कोंडा वर राहतो. दाण्यांचं उलट. दाणे वर, माती खाली. तुझ्या चाळणीचं कसं?"

"वर," मी ठासून सांगितलं. तेव्हा मला तसं वाटत होतं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आमचे पूर्वज गायकवाडांबरोबर तलवार घेऊन गुजरातेत आले आणि पुढे पेन्शन घेऊन बसले. समोरच्या घरातले काका मात्र गुजराती. आमच्याकडे वरण, भात, तूप हे शब्द जसे येतात, तसे त्यांच्याकडे बोनस, राइट्स आणि डिव्हिडंड येतात. आमच्या वडिलांचं गुंतवणूकशास्त्र एवढंच, की ठेवीची मुदत संपली की बँकेत जाऊन पावती बदलून आणायची आणि येताना शेव-उसळ खायची. तरीवर तरी मागून घेणं हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव सट्टा.

मी या परंपरेत बंड केलं. आजवर तीन शेअर घेतले. पहिला ऑफिसच्या बसमध्ये मागच्या सीटवरचं बोलणं ऐकून. त्या कंपनीच्या मालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकून कर्ज काढलं होतं, हे बसमध्ये कुणी बोललं नव्हतं. दुसरीला दर वर्षी नफा व्हायचा आणि तरी तिच्याकडे पैसे नसायचे. सगळा माल उधारीवर. नफा वहीत आणि रोकड गिऱ्हाइकांच्या खिशात. तिसरीबद्दल मी बोलत नाही. बायको बोलते.

म्हणून ठरवलं, आता ऐकीव काही नको, आकडे बोलतील. तयार स्क्रीनरवरही माझा पूर्ण विश्वास नव्हता, तेव्हा सगळ्या कंपन्यांचे आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेतले आणि सूत्रं स्वतः लिहिली. मुंबई शेअर बाजारातच पाच हजारांवर कंपन्या नोंदलेल्या आहेत. संगणक पंख्यासारखा घरघरू लागला. आईने दोनदा येऊन विचारलं, "इस्त्री चालू राहिलीय का?"

पहिल्या दिवशी कर्जाच्या अटीत चिन्ह उलटं पडलं. 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा जास्त'. यादीत मोठमोठी नावं आली. देशातल्या सगळ्यात कर्जबाजारी कंपन्यांकडे मी दोन दिवस कौतुकाने पाहत होतो.

चिन्ह सुलटं केलं. आता अटी अशा: भांडवलावरचा परतावा वीस टक्क्यांच्या वर, कर्ज स्वतःच्या भांडवलाच्या निम्म्याहून कमी, पी/ई, म्हणजे शेअरची किंमत भागिले त्यामागची कमाई, पंधराच्या आत. हा पंधरा माझा नव्हे, गुंतवणुकीवर पुस्तकं लिहिणाऱ्या बेंजामिन ग्रॅहमचा. किंमत कमाईच्या पंधरा पटींहून आणि पुस्तकी मूल्याच्या दीडपटीहून जास्त नसावी, निदान दोन्हींचा गुणाकार २२.५ च्या पुढे जाऊ नये, असं त्याचं म्हणणं. यातला दीड मी सोडून दिला, कारण दीड लावला की यादीत कुणीच उरेना. ग्रॅहम आज आमच्या गल्लीत राहत असता, तर त्यानेही हेच केलं असतं अशी मी समजूत घातली.

बटण दाबलं. सर्वांत वर एक कंपनी आली. तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे बसमध्येही ते कुणी घेतलं नसणार. परतावा चाळीस टक्के! मी लेकीला हाक मारली. ती एम. एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सला आहे. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आयसीयूच्या बाहेर डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात, तसं.

"बाबा, ही कंपनी बुडालीय."

"चाळीस टक्के परतावा आहे!"

"नफा आहे वजा चाळीस कोटी. नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरलेलं स्वतःचं भांडवल, आहे वजा शंभर कोटी. वजा भागिले वजा?"

"अधिक," मी म्हणालो. शाळेत हे उत्तर दिल्यावर पाठीवर थाप मिळायची.

मग लक्षात आलं, की ती पठ्ठी माझ्या तिन्ही अटींतून अशीच सुटली होती. कर्ज भागिले वजा नेटवर्थ, म्हणजे गुणोत्तर वजा तीन. वजा तीन हे अर्ध्यापेक्षा कमीच की! तोट्यामुळे पी/ईसुद्धा वजा, म्हणजे पंधराच्या आत. जी पार तळाला गेलीये, तिला माझ्या गणिताने उलटं टांगून शिखरावर बसवलं होतं. आईचा प्रश्न आठवला. वर राहतं ते चांगलं, की खाली पडतं ते?

मग 'नेटवर्थ शून्याहून जास्त' ही अट आली. मागोमाग 'नफा शून्याहून जास्त' आली. मग बसमधल्या कंपनीच्या आठवणीने 'गहाण शेअर शून्य'. उधारीवाल्या कंपनीच्या आठवणीने 'कामकाजातून आलेली रोकड नफ्याहून जास्त'. 'मालकांचा हिस्सा निम्म्याहून अधिक' ही अट तिसऱ्या कंपनीसाठी, जिच्याबद्दल बायको बोलते. एका रात्री अटींची यादी वरून खाली वाचली आणि चमकलो. लोक रोजनिशी लिहितात, मी स्क्रीनर लिहिला होता. त्यातलं एकेक भोक कधी, कुठे, किती रुपयांना पडलं, हे मला तारखेनिशी सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ही गंमत काकांना सांगितली. काकांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, "भाई, सत्यम?"

जानेवारी २००९ मध्ये सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कळवलं होतं, की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही. काकांचा मुद्दा असा, की आकडेच खोटे असतील तर तुमची चाळणी काय चाटायची? पण मी अभ्यास केलेला. म्हटलं, "काका, मालकांचा हिस्सा तेव्हा दहा टक्केही नव्हता आणि होता तोही गहाण. माझ्या चाळणीतून गळून पडली असती." काकांनी सुपारी तोंडात टाकली. "अने ए गहाणनी खबर तमने कोण आपत?" ती बातमी मला दिली असती कुणी, हा प्रश्न रास्त होता. मालकांनी गहाण टाकलेल्या शेअरांचा खुलासा सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सक्तीचा केला, तो सत्यम प्रकरण फुटल्यावर, त्याच जानेवारीत. म्हणजे ज्या रकान्यावर मी भिस्त ठेवली होती, तोही कुणाच्या तरी पोळलेल्या हाताने आखलेला. सरकारी चाळणीलाही भोकं माझ्यासारखीच, पैसे गेल्यावर पडतात.

आता अटी आठ. बटण दाबलं. भल्याभल्यांची गळती लागली. आयटीसी गेली, एल अँड टी गेली. कारण या कंपन्यांना मालक म्हणावा असा प्रवर्तकच नाही, हिस्सा शून्य. स्वतःच्या बळावर मोठ्या झालेल्या पोरांना मी 'वडिलांची सही आणा' म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. आणि मग बँक ऑफ बडोदाही बाहेर पडली.

हे आईला कळायला नको होतं. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली काढलेली बँक. आमच्या घरात देव्हाऱ्यात महाराजांचा फोटो नाही एवढंच. मी समजावलं, "आई, आपण ठेव ठेवतो ती आपली मालमत्ता, पण बँकेच्या वहीत ते देणं. म्हणून कर्जाच्या अटीत कुठलीच बँक बसत नाही. दोष बँकेचा नाही, बँकांना ही फूटपट्टीच लागू नाही."

"म्हणजे तुझ्या बाबांनी चाळीस वर्षं ठेवी ठेवल्या," आई म्हणाली, "म्हणून बँक नापास?"

तत्त्वतः उत्तर हो असं होतं. मी चहा मागितला.

लेकीने मग नवं खूळ दिलं. जोसेफ पिओट्रोस्की नावाच्या प्राध्यापकाने २००० साली नऊ प्रश्नांची एक परीक्षा काढली. प्रत्येक 'हो'ला एक गुण. आठ-नऊ मिळाले तर प्रकृती ठणठणीत. कंपन्यांना लावण्याआधी सराव म्हणून मी ती आमच्या घराला लावली. नफा आहे का? आहे, एक गुण. रोकड येते का? एक तारखेला येते, एक गुण. मालमत्तेवरचा परतावा वाढला? ज्या घरात आपणच राहतो त्याचा परतावा काय डोंबल! शून्य. रोकड नफ्याहून जास्त? मेहुण्याला दिलेले पैसे बायको अजून जमेत धरते, मी धरत नाही. शून्य. कर्ज कमी झालं? घराचे हप्ते चालू आहेत, एक गुण. हाताशी असलेला पैसा चालू देण्यांच्या मानाने वाढला? महिन्याची सत्तावीस तारीख होती. शून्य. वर्षात नवे भागधारक घेतले नाहीत ना? भाचा शिकायला येऊन राहिलाय आणि फ्रिजमध्ये त्याचा हिस्सा आता निम्म्याहून अधिक आहे. शून्य. ढोबळ नफ्याचं प्रमाण सुधारलं? टोमॅटोला विचारा. मालमत्तेचा वापर वाढला? ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात.

नऊपैकी तीन. हे घर बाजारात नोंदलेलं असतं, तर मी घेतलं नसतं.

बायकोला यातलं काहीच पटत नाही. ती खंडेराव मार्केटमध्ये भेंडी घेते तेव्हा शेपटाकडचं टोक मोडते. कट्ट झालं तर कोवळी, वाकलं तर जून. भाजीवाली ओरडते, ही ऐकत नाही. दहा वर्षांची सरासरी नाही, रकाने नाहीत. एकदा मी विचारलं, "पण एखादी भेंडी कट्ट मोडूनही किडकी निघाली तर?" ती म्हणाली, "अहो, मग ती टाकून द्यायची. पुढच्या वेळी भाजी आणायची बंद नाही करायची."

मी नववी आणि दहावी अट घातली. उत्तर आलं, शून्य कंपन्या. सगळा हिंदुस्थान चाळून वरही काही नाही आणि खालीही नाही. रोज सकाळी आठला आपोआप चाळलं जाईल आणि फोनवर आकडा येईल अशी सोय करून ठेवली. रोज शून्य. घरात 'आज पाणी किती वाजता?' विचारतात तसं 'आज किती?' विचारू लागले. काकांनी आठवण करून दिली, की २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंक पडला होता, त्या दिवशी तुमच्या चाळणीत पाट्यांनी माल आला असता. आला असता, नाही कसा? पण त्या दिवशी मी मास्क लावून बेसिनपाशी भेंड्या एकेक करून साबणाने धूत होतो.

परवा सकाळी फोन वाजला. शून्य नव्हतं. एक.

कंपनी साधीच होती. कर्ज नाही, गहाण नाही, रोकड नफ्याहून जास्त, पी/ई चौदा. लेकीने सगळे आकडे तपासले आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. आई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाचा फ्रिजपाशी थबकला. समोरच्या गॅलरीतून काका म्हणाले, "लेवुं होय तो लई लो, नहीं तो रहेवा दो."

मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि अकरावी अट लिहायला घेतली.