पाण्याचं संशोधन वर्गणीवर चालतं तेव्हा

आबा गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा आमच्याकडे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी ग्लासात धरलं, खिडकीच्या उजेडाला नेऊन बघितलं, वास घेतला आणि मला विचारलं, "इथे ओटी किती येते गं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनची चाचणी. माझे वडील नगरपालिकेच्या फिल्टर प्लांटवर ३१ वर्षं होते. रोज सकाळी गावाच्या टोकाच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन तिथवर पोचलं. रंग नाही आला, तर आबांचा दिवस खराब. लहानपणी ती नळी मीही कितीदा हातात धरली आहे.

मी म्हटलं, "आबा, इथे नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतच नाहीत."

त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवला. "मग लोक पितात कसं?"

त्या प्रश्नाचं उत्तर देता देता आठवडा गेला. त्या आठवड्यात जे बोलणं झालं, ते इथे लिहून ठेवते आहे. मी गेली ११ वर्षं युरोपात मैलापाणी शुद्धीकरणात काम करते. इथल्या पाण्याबद्दल आपल्याकडे कौतुकाने खूप लिहिलं जातं, पण ते 'युरोप म्हणजे पैसा, युरोप म्हणजे तंत्रज्ञान' इथेच थांबतं. मला वाटतं मूळ गोष्ट वेगळी आहे.

क्लोरीनचीच गोष्ट घ्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात योहान रूक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पानापाचोळ्यातले सेंद्रिय पदार्थ असतात. त्यांच्याशी क्लोरीनची प्रक्रिया झाली की क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात, हे त्यांनी दाखवलं आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे जे पाणी आपण जंतूंपासून वाचवतो, त्यातच आपण दुसरं काहीतरी मिसळतो. हे कळल्यावर डच कंपन्यांनी क्लोरीन एकदम बंद केलं नाही. आधी कमी केलं, मग एकेका शहरात काढून टाकलं. अ‍ॅमस्टरडॅमने ते १९८३ मध्ये थांबवलं, पूर्ण देशाला २००५ च्या आसपासपर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात काय केलं? मूळ स्रोत राखला. पाणी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून झिरपवलं. ओझोन, अतिनील किरण, वाळूची संथ गाळणी असे एकामागे एक अडसर उभे केले. जंतूंना खायला काही उरणारच नाही इतकं पाणी स्वच्छ केलं. आणि पाइप असे राखले की गळती ५ टक्क्यांच्या आसपास राहते, नळात दाब २४ तास असतो, त्यामुळे बाहेरची घाण आत ओढलीच जात नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. आबांचं टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर, चुकीचं नव्हतं आणि आजही नाही. जिथे पाणी दिवसाआड येतं, मधल्या वेळात पाइप रिकामे पडतात आणि शेजारून गटार वाहतं, तिथे क्लोरीन जीव वाचवतं. कुणीही ही पोस्ट वाचून आपल्या गावचं क्लोरीन बंद करा म्हणू नये.

पण एवढं सगळं एका कंपनीने कसं शोधून काढलं? एका कंपनीने नाही काढलं. नेदरलँड्समध्ये पिण्याचं पाणी देणाऱ्या दहा कंपन्या आहेत, आणि कायद्याने त्यांची मालकी नगरपालिका-प्रांतांसारख्या सार्वजनिक संस्थांकडेच राहते. या कंपन्यांची मिळून एक संशोधन संस्था आहे, केडब्ल्यूआर. आमच्या घरापासून सायकलने जाता येईल इतक्या जवळ, निउवेखाइनला. तिचं मूळ १९४८ चं, पाण्याच्या पाइप-नळांची तपासणी करणारी संस्था म्हणून. आज बेल्जियमच्या फ्लँडर्समधली डी वाटरग्रूप ही कंपनीसुद्धा तिची भागधारक आहे. सगळ्या मिळून पैसा घालतात, कशावर संशोधन करायचं ते मिळून ठरवतात आणि निष्कर्ष सगळ्यांना मिळतात.

मी हे सांगत होते तर आबा मध्येच म्हणाले, "म्हणजे मांजरीच्या व्हीएसआयसारखं."

मी दोन क्षण गप्पच झाले. अकरा वर्षांत माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. आमचं मूळ गाव वाळवा तालुक्यातलं, घरात सहकारी कारखान्याचा शेअर, उसाच्या बेण्याच्या गप्पा ऐकतच मोठे झालो. व्हीएसआय, म्हणजे पुण्याजवळच्या मांजरी गावातली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, १९७५ मध्ये उभी राहिली ती सहकारी साखर कारखान्यांनीच उभी केली म्हणून. एकट्या कारखान्याला उसाच्या नव्या जातीवर, बेण्यावर, साखर उताऱ्यावर प्रयोगशाळा परवडत नाही, सगळ्यांना मिळून परवडते. डच पाणी कंपन्यांनी केलं ते हेच. त्याला परक्या भाषेतलं मोठं नाव द्यायची गरज नाही. आपल्याकडे त्याला सहकार म्हणतात आणि तो आपल्याला शिकवायला कुणी परदेशातून यायला नको.

मला जे म्हणायचं आहे ते हेच. ज्यांच्या हातात नळ आहे, त्यांच्याच हातात संशोधनाचा प्रश्न असला पाहिजे, आणि त्यांच्याच खिशातून थोडा का होईना पैसा गेला पाहिजे. मग ते संशोधन कपाटात पडत नाही. आपला पैसा गेलेला असतो, माणूस सोडत नाही.

याचं जवळून बघितलेलं उदाहरण देते. एपे नावाचं छोटं गाव आहे, जंगलाच्या कडेला. तिथल्या मैलापाणी केंद्रात मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी गेले होते. ऑपरेटरने काचेची दोन लांब नळकांडी टेबलावर ठेवली. एकात नेहमीचा सक्रिय गाळ, म्हणजे १९१४ मध्ये मँचेस्टरला शोधून काढलेली आणि आजही जगभर चालणारी पद्धत. दुसऱ्यात दाणेदार गाळ. दोन्ही हलवून त्याने एकदम उभी केली. पहिल्यात तपकिरी ढग तसाच तरंगत राहिला, सावकाश, अनिच्छेने खाली येत. दुसऱ्यातले दाणे वाळू पडावी तसे तळाला गेले आणि वर पाणी निवळशंख. त्याने चमच्याने थोडे दाणे माझ्या हातमोज्यावर ठेवले. राजगिऱ्याएवढे, पिवळसर, गुळगुळीत. वास मात्र मैलापाण्याच्या प्लांटचाच.

हे दाणे म्हणजे जिवाणूंच्या वसाहती आहेत. बाहेरच्या थरापर्यंत ऑक्सिजन पोचतो, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. आत ऑक्सिजन पोचत नाही, तिथे त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. फॉस्फरसही तिथेच पकडला जातो. ज्या कामाला वेगवेगळ्या टाक्या आणि वर निवळणीची प्रचंड गोल टाकी लागायची, ते एका टाकीत होतं. जागा फार कमी लागते, विजेची बचत मोठी. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात मार्क फान लोसड्रेख्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात यावर काम सुरू केलं. २०१८ मध्ये त्यांना ब्रूस रिटमन यांच्यासोबत स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला.

पण प्रयोगशाळेतल्या नळकांड्यापासून एपेच्या टाकीपर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं लागली, आणि ती वर्षं कुणी ओढून नेली हे महत्त्वाचं. नेदरलँड्समध्ये वाटरस्खाप नावाच्या पाणी सांभाळणाऱ्या, निवडून आलेल्या स्थानिक संस्था आहेत. मध्ययुगापासून चालत आलेल्या, आज २१ उरल्या आहेत. त्यांचीही वर्गणीवर चालणारी संशोधन संस्था आहे, स्टोवा. विद्यापीठ, स्टोवा, काही वाटरस्खाप आणि एक अभियांत्रिकी कंपनी असे सगळे एकत्र बसले. २००३ मध्ये एडे या गावी खऱ्या मैलापाण्यावर पायलट प्लांट चालवला. दाणे कधी बनायचे, कधी फुटायचे. पावसाळी पाणी आलं की गणित बिघडायचं. एखाद्या वाटरस्खापने 'आम्ही पहिले, धोका आमचा' म्हणून पुढे यावं लागतं. एपे पुढे आलं, २०१२ मध्ये प्लांटचं अधिकृत उद्घाटन झालं. धोका एकाने घेतला तरी पैसा आणि शिकणं सगळ्यांचं होतं, म्हणून ते शक्य झालं. आता या दाणेदार गाळाच्या पद्धतीचं नेरेडा हे ब्रँडनाव त्या अभियांत्रिकी कंपनीचं आहे, तिचा त्यावर धंदा आहे, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. कुणाला काय मिळणार हे सुरुवातीलाच कागदावर असलं की सहकार टिकतो.

ऱ्हाइन नदीचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. १ नोव्हेंबर १९८६ च्या रात्री स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं. नदी लाल झाली, खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. ऱ्हाइन तिथून फ्रान्स-जर्मनीच्या मधून वाहत नेदरलँड्समध्ये येते आणि इथले लाखो लोक तिचं पाणी पितात. नदीचा आंतरराष्ट्रीय आयोग १९५० पासून होता, पण त्या आगीनंतर त्याला जोर आला. १९८७ मध्ये ऱ्हाइन कृती कार्यक्रम ठरला. उद्दिष्ट एका वाक्यात लहान मुलालाही कळेल असं: २००० सालापर्यंत साल्मन मासा परत आला पाहिजे. तो आला.

संशोधक म्हणून मला त्यातला एक तुकडा फार आवडतो. घाण सोडली गेली तर ती कुठल्या गावाला किती तासांनी पोचेल हे सांगणारं गणिती मॉडेल या देशांनी मिळून बनवलं. त्यासाठी नदीत निरुपद्रवी रंग सोडून तो कुठे केव्हा पोचतो ते खाली ठिकठिकाणी मोजलं. जर्मन-डच सीमेवर बिमेन-लोबिथला दोन्ही देश मिळून पाण्यावर नजर ठेवतात. वरच्याने खबर दिली की खालचा नदीतून पाणी उचलणं बंद करतो. कृष्णेच्या काठावर वाढलेल्या माणसाला, पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग किती आणि अलमट्टीची पातळी किती याचे आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाला, वरच्याने खालच्याला वेळेवर सांगण्याची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. आबा लोबिथबद्दल ऐकताना नुसते मान हलवत होते.

आणि २०२० चा फेब्रुवारी आठवा. केडब्ल्यूआरच्या खेर्टयान मेडेमा यांच्या गटाने डच शहरांच्या मैलापाण्यात कोरोनाचे अंश शोधायला सुरुवात केली. आमर्सफोर्टमध्ये पहिले रुग्ण नोंदले जाण्याच्या सहा दिवस आधीच्या नमुन्यात ते सापडले. हे इतक्या झटपट झालं कारण नमुने द्यायला प्लांटवाले तयार होते, त्यांची संशोधकांशी रोजची ओळख होती. साथ आल्यावर ओळख करायला गेलं असतं तर महिने गेले असते.

आता जे खटकतं ते. युरोपीय संघ पाण्याच्या संशोधनावर पैसा देतो, भरपूर देतो. होरायझन युरोप या २०२१ ते २०२७ च्या कार्यक्रमात सगळ्या विषयांना मिळून सुरुवातीला ९५.५ अब्ज युरो ठरले होते. पाण्यासाठी वॉटरफोरऑल नावाची देशादेशांची भागीदारी २०२२ पासून चालू आहे. हे सगळं हवंच आहे. पण मी अशा एका प्रकल्पात चार वर्षं काम केलं आहे. सहा देश, पंधरा भागीदार. दक्षिण युरोपातल्या एका छोट्या गावात आम्ही गळती पकडणारे सेन्सर बसवले. छान चालले. अहवाल झाले, शेवटची परिषद झाली, टाळ्या झाल्या, प्रकल्प संपला. आठ महिन्यांनी तिथल्या ऑपरेटरचा मला मेल आला: सेन्सरच्या बॅटऱ्या संपल्या आहेत, सॉफ्टवेअरचा परवाना संपला आहे, तुम्ही परत कधी येणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गावाने ते सेन्सर मागितलेच नव्हते. प्रपोजलमध्ये दक्षिणेचा एक भागीदार हवा होता म्हणून त्यांना घेतलं होतं. तो मेल मी अजून जपून ठेवला आहे, आणि त्याची लाज वाटते.

म्हणून २०२८ पासूनच्या पुढच्या कार्यक्रमाची आखणी चालू असताना माझं स्पष्ट म्हणणं आहे. प्रश्न गावाने मांडलेला असावा. थोडा पैसा गावाचाही असावा, अगदी नाममात्र चालेल. आणि प्रत्येक प्रकल्पाच्या रकमेतला काही हिस्सा प्रकल्प संपल्यावरच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावा, त्याला कुणी हात लावू नये. तसंच जे फसलं ते लिहिणं बंधनकारक असावं. एडेच्या पायलटमध्ये दाणे का फुटले हे कुणी लपवलं असतं, तर एपेची टाकी उभी राहिली नसती.

पुढचं काम मोठं आहे. मैलापाण्याचा नवा युरोपीय कायदा २०२५ च्या सुरुवातीला लागू झाला. मोठ्या प्लांटना २०४५ पर्यंत औषधांचे आणि सौंदर्यप्रसाधनांचे सूक्ष्म अंश काढायचे आहेत, आणि त्या खर्चाचा किमान ८० टक्के वाटा ते बनवणाऱ्या कंपन्यांनी उचलायचा आहे. औषध कंपन्या त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेल्या आहेत. मी या बाबतीत पूर्णपणे कायद्याच्या बाजूने आहे. गोळी विकून नफा कमावणाऱ्याने ती नदीतून काढायचाही खर्च द्यावा, आणि त्यातला एक भाग प्लांटवाल्यांच्या सामायिक संशोधनाला मिळावा.

शेवटी आपल्याकडचं एक. २०१२ मध्ये युरोपीय आयोग आणि आपला विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी मिळून नावाटेक नावाचा प्रकल्प केला होता. नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था त्यात होती. नागपूरचं दयानंद पार्क आणि पुण्यात सीओईपीचं वसतिगृह, अशा ठिकाणी झाडं लावलेल्या पाणथळ वाफ्यांमधून सांडपाणी शुद्ध करायचं, असं ते काम. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, तर जाता जाता त्या वाफ्यांचा आजचा एक फोटो टाका. आणि तिथे माळी किंवा ऑपरेटर भेटला, तर त्याला विचारा की पंप बिघडला की दुरुस्तीचा पैसा कुठून येतो. आबांना तेवढंच जाणून घ्यायचं आहे, आणि मलाही.