तज्ज्ञाला एकदा विचारलं की काम झालं?

सध्या एक दावा जो तो पुढे पाठवतोय. निवृत्त होणाऱ्या तज्ज्ञाच्या मुलाखती रेकॉर्ड करा, त्याच्या फायली एआयला द्या, सगळं ज्ञान आपोआप गोळा होऊन नीट लावलं जाईल आणि मग त्या माणसावाचून काही अडणार नाही, असा. माझा याला ठाम विरोध आहे.

‘असं साधन आजवर नव्हतंच.’ होतं. १९७०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये मायसिन ही संगणक प्रणाली जंतुसंसर्गावर प्रतिजैविकं सुचवायची. तिच्यात ‘अमुक असेल तर तमुक’ असे नियम भरण्यासाठी रँडल डेव्हिस यांनी टायरेसियस हे साधन बनवलं. डॉक्टरांनी नवा नियम घातला की ते विचारायचं: अशा निष्कर्षाच्या बाकी नियमांत आणखी एक अट असते, ती राहिली का? म्हणजे तेव्हाही साधन नुसतं टिपून घेत नव्हतं, उलट प्रश्न करत होतं.

‘तज्ज्ञ बोलला, म्हणजे ज्ञान मिळालं.’ खरी गफलत इथे आहे. मुरलेल्या मेकॅनिकला विचारा, बिघाड कसा ओळखता? ‘आवाजावरून कळतं,’ एवढंच म्हणेल. तो काही लपवत नसतो. हाताला जे येतं ते तोंडाला येतंच असं नाही. आता तीन जुने बिघाड त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, यातले कुठले दोन सारखे, तिसरा वेगळा कशामुळे? मग तो म्हणेल, ‘या दोन्हींत मशीन तापल्यावरच आवाज येतो, तिसऱ्यात सुरू करतानाच.’ हा झाला वापरता येईल असा नियम. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केली यांनी १९५५ साली मांडलेली ही पद्धत विमानं बनवणाऱ्या बोईंगमधल्या जॉन बूज यांनी १९८०च्या दशकात तज्ज्ञांचं ज्ञान मिळवण्यासाठी संगणकावर वापरली. तासन्‌तास रेकॉर्डिंग केलं तरी हा प्रश्न विचारलाच नसेल तर उत्तर त्यात सापडणार कुठून?

‘वर्गवारी यंत्र करेल.’ करेल, आणि झपाट्याने करेल, हे मान्य. पण दोन फायली परस्परविरुद्ध बोलत असतील तर आज त्यातली कुठली पाळली जाते, हे तिथे काम करणाऱ्यालाच ठाऊक.

‘एकदा गोळा झालं की संपलं.’ सिडनीत संशोधक पॉल कॉम्प्टन थायरॉइडच्या तपासण्यांचा अर्थ लावणाऱ्या संगणक प्रणालीवर काम करत होते. एक नियम सुधारला की दुसरीकडे काहीतरी बिघडायचं. त्यातून त्यांची पद्धत निघाली: जुन्या नियमाला हात लावायचा नाही. उत्तर चुकलं की तो नियम ज्या रुग्णावरून आला त्याची नोंद नव्या नोंदीशेजारी दाखवायची, तज्ज्ञाने दोन्हींतला फरक सांगायचा आणि तो फरक अपवाद म्हणून त्या नियमाखाली जोडायचा. पुढे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तज्ज्ञ रोजचं काम करता करता स्वतःच असे नियम घालत गेले.

म्हणून निरोप समारंभाच्या आदल्या आठवड्यात रेकॉर्डर लावू नका. दोन वर्षं आधी साधन त्यांच्या टेबलावर ठेवा. त्याला चुकू द्या आणि प्रत्येक चुकीला त्यांना एवढंच विचारा: इथे वेगळं काय आहे?