आठ मीटरवरचा माणूस

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १०६ क्रमांकाचा नियम फारसा कुणी वाचत नाही. मी वाचलाय, कारण मालाची व्हॅन बाळगणाऱ्याला झोप तशीही बेताचीच असते. त्या नियमात एक माणूस उभा आहे. गाडीच्या दिव्यापासून ८ मीटर लांब, अर्धा मीटर उजवीकडे, आणि डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. दिव्याचा झोत इतका खाली झुकलेला हवा, की या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. तो अपरात्री रस्त्यात काय करतोय, घरी कुणी वाट बघतंय का, यावर सरकार काही बोलत नाही.

माझं वाईला किराणा मालाचं दुकान. पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना माल पोचवायचा, तोही पहाटे, पसरणी घाट चढून. तांदूळ, आटा, साखर, १५ किलोचे तेलाचे डबे. एवढं मागे भरलं की व्हॅनचं बूड बसतं आणि नाक वर होतं. त्यात घाटाचा चढ. मग उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडतो. घाटातली माकडं आमच्यामुळे उजाडायच्या आत जागी होतात, असं आमचा ड्रायव्हर बाळू अभिमानाने सांगतो. परत येताना गाडी रिकामी, रस्ता उतरता. तेव्हा उजेड बंपरच्या पुढ्यातच सांडतो. या दुखण्यावर इलाज म्हणून डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक चाक दिलेलं आहे. माल जास्त तर आकडा वाढवायचा, दिवा खाली झुकतो. आमच्याकडेही ते चाक फिरतं. दिव्याशी त्याचा संबंध तुटून जमाना झाला. बाळू त्याला पावत्यांचे रबर अडकवतो.

दिव्यातला बल्ब एच-४ जातीचा हॅलोजन, १२ व्होल्टचा, ६०/५५ वॅट. एकाच काचेत दोन तारा: ६० वॅटची अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, ५५ ची डिपरची, म्हणजे खालच्या झोताची. डिपरची तार तुटली की बाळू अख्खा घाट अप्परवर चढतो आणि समोरच्यांचे आशीर्वाद घेत जातो. बल्बच गेला, तर समोरून येणाऱ्याला वाटतं मोटारसायकल आली, आणि तो मोटारसायकलपुरतीच जागा सोडतो. मी हे बाळूला समजावलं. तो म्हणाला, "शेठ, एका डोळ्यानं बी समदं दिसतंय की." त्याला दिसतंय हो, पण प्रश्न त्याचा नव्हता.

बल्ब बदलणं हे काम कागदावर सोपं आहे. मागचा तीन पिनांचा सॉकेट ओढायचा, रबरी टोपण काढायचं, तारेची क्लिप दाबून बाजूला करायची, जुना बल्ब बाहेर, नवा आत. फक्त हे सगळं जिथे आहे तिथे माणसाचा हात जात नाही. डाव्या दिव्याच्या मागे बॅटरी, उजव्याच्या मागे काच धुण्याच्या पाण्याची बाटली, आणि उरलेल्या फटीत ज्याचा हात जाईल त्याला लायसन मिळायला अजून दहा वर्षं आहेत. मोठी माणसं बॅटरी सोडवतात. तिच्या टर्मिनलवर पांढरं फूल धरलेलं असतं, त्यावर गरम पाणी ओततात. मग आंधळी कोशिंबीर. बोटांना क्लिप सापडते, क्लिपलाही बोटं सापडतात, आणि टिंग असा आवाज करून ती बंपरच्या पोटात उतरते. त्यानंतर बंपर काढतात. बंपरचे बोल्ट गंजलेले असतात.

मिस्त्री नवा बल्ब वर्तमानपत्राच्या तुकड्यात धरतो. काचेला हाताचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर मरतो. आता आमचा बाळू दिवसभर तेलाचे डबे उचलणारा गडी. त्याने नुसतं "बघू शेठ कसलाय" म्हणून हात पुढे केला, तरी मिस्त्री बल्ब पाठीमागे लपवतो.

खरा ताप दिव्याचा नाही, सल्ल्यांचा. ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने सांगितलं, शंभर-नव्वद वॅटचा टाका, घाट दिवसासारखा दिसेल. मूळ वायरिंग ६० वॅटच्या बेताचं, म्हणजे पाच अँपिअरचं. त्यातून आठाच्या वर अँपिअर गेले की आधी सॉकेट वितळतो, मग वास येतो, मग मिस्त्री येतो. वेगळा रिले, म्हणजे जास्त करंट झेलणारी कळ, घालून जाड वायर ओढली तर सॉकेट वाचतो, समोरच्याचे डोळे वाचत नाहीत. दुसऱ्याने एलईडी दाखवला, पांढराफेक. आतला आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे एलईडी बसवला की उजेड फुटतो आणि वाटेल तिकडे उधळतो. शिवाय पाचगणीचं आषाढातलं धुकं. त्यात जेवढा झगझगीत उजेड टाकाल, तेवढा तो परत आपल्याच तोंडावर येतो. दुकानदार म्हणाला, "आरटीओच्या पासिंगला जुने लावा की, मग परत हे." त्याची निष्ठा पक्की आहे, फक्त कुणावर ते कळत नाही.

काचेचं निराळंच. ती आता काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि उन्हाने पिवळं पडतं. आमच्या गल्लीत यावर टूथपेस्ट हा रामबाण उपाय मानतात. दिवा चकाकतो खरा, थोडे दिवस. मिस्त्रीची रीत लांबची: पाणी लावून आधी भरड, मग बारीक पॉलिशपेपर, शेवटी वरून लेप. लेप नाही दिला तर पिवळेपणा पुन्हा हजर. एवढं करून काच लख्ख झाली, तेवढ्यात आली खंडेनवमी. आईने दोन्ही काचांवर ओल्या कुंकवाची स्वस्तिकं काढली आणि वर झेंडूचा असा हार घातला, की दिवे शोधायला दुसरे दिवे लागावेत. तीन दिवस हार काढायचा नाही, असा तिचा हुकूम. १०६ व्या नियमाचं सर्वात काटेकोर पालन त्या तीन दिवसांत झालं.

गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग दरवर्षी. म्हणून झोत लावून घेतला. गोदामाच्या शटरवर खडूने रेघा मारल्या. मी विचारलं, गाडी भरलेली हवी की रिकामी? मिस्त्रीने विचार करून निकाल दिला, "अर्धी भरा." म्हणजे भरल्यावरही चूक आणि रिकामीही चूक, पण दोन्हीकडे सारखी. नियमातला माणूस कुठून आणायचा? आमच्या हिची उंची पाच फूट तीन इंच. डोळे बरोबर दीड मीटरवर येतात. टेपने आठ मीटर मोजून तिला उभं केलं.

"काय दिसतंय?" मी स्टिअरिंगवरून ओरडलो.

"अहो, तुम्ही अजिबात दिसत नाही."

मिस्त्रीने स्क्रू पिळला. झोत खाली सरकला.

"आता?"

"आता दिसताय. मगाचंच बरं होतं."

पासिंगच्या दिवशी साहेबांनी दिवे लावायला सांगितले. अप्पर. डिपर. पुन्हा अप्पर. मान हलली. माझा श्वास जागेवर आला. मग ते शांतपणे चालत गाडीच्या मागे गेले, वाकले आणि म्हणाले, "नंबर प्लेटवरचा दिवा कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत बाळू पुढे सरसावला. "साहेब, आमच्या मागं कोण लागतंय? सगळे पुढनंच शिव्या देत्यात."