बाईंना छोटं दाखवा

टेक्सासात पिस्तूल घ्यायला पिस्तूल घ्यायचं ठरवून बाहेर पडावं लागत नाही. आम्ही कूलर आणायला गेलो होतो. ह्यूस्टनच्या कडेकडेला शिकार-मासेमारीच्या सामानाची जी अजस्र दुकानं आहेत, त्यांत आधी तंबू लागतात, मग गळ, मग भिंतीवर पेंढा भरलेली हरणं, मग चक्क फज नावाची मिठाई विकणारी एक मुलगी, आणि तो फज चघळत चार पावलं पुढे गेलं की काचेखाली ओळीनं मांडलेली पिस्तुलं. नवऱ्याच्या हातात फज होता आणि डोळ्यांत ती चमक होती. तिला मी ओळखून आहे. तिच्यापायी आमच्या गॅरेजच्या छताला एक कयाक टांगलेली आहे आणि घरापासून नदी मैलोन् मैल लांब आहे.

काउंटरमागच्या पांढऱ्या मिशीवाल्या गृहस्थांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच खालच्या खणातून एक इवलंसं पिस्तूल काढलं. बाईंसाठी, म्हणे. मला एकदम लक्ष्मी रोडवर आल्यासारखं झालं. तीच लगबग, तेच 'घेऊ नका, बघा तर', आणि गादीवर साडी उलगडावी तसा काचेवर अंथरलेला मखमली रुमाल. माझ्या नजरेत नाराजी दिसताच त्यांनी तेच पिस्तूल फिकट जांभळ्या रंगात काढलं. मोरपंखीही होतं. पदर कसा पडतो तेवढं फक्त विचारायचं राहिलं.

खरं सांगायचं तर हातात घेतल्यावर ते गोड वाटतं. गोडच वाटावं म्हणून ते बनवलेलं असतं. २००८ साली रूगर कंपनीनं एलसीपी नावाचं पिस्तूल आणलं, रिकामं असताना वजन पाव किलोच्या थोडं वर, आणि खिशात मावणाऱ्या पिस्तुलांची लाटच आली. त्यात जाणारं काडतूस मात्र जुनंच, जॉन ब्राउनिंगचं १९०८ चं 'पॉइंट थ्री एटी'. शंभर वर्षांचं काडतूस आणि फोनएवढं पिस्तूल, ही जोडी बाजारात जोरात चालली. २०१८ मध्ये सिग सावरनं पी ३६५ आणलं, तेही छोटंच, पण त्यात नऊ मिलिमीटरची दहा काडतुसं आणि नळीत एक. तेव्हापासून छोटं म्हणजे बिचारं, असंही कोणी म्हणत नाही.

मिशीवाल्यांनी मला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढून बघायला सांगितलं. मी ओढली. स्लाइड जागची हलली नाही. मी पुन्हा ओढली, ओठ चावून. थोडी हलली आणि परत गेली. नवरा म्हणाला, "अगं, जोर लाव." मी लावलेला होता. याचं कारण मला पुढे कळलं: स्लाइड छोटी म्हणजे हलकी, हलकी म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक. म्हणजे जे पिस्तूल बायकांसाठी आणि नाजूक हातांसाठी म्हणून पुढे करतात, त्याला पहिलवानाची बोटं लागतात. मिशीवाले म्हणाले, वापरून वापरून सैल होईल. हे वाक्य मी चपलांच्या बाबतीत ऐकलेलं आहे.

एवढ्यात नवऱ्यानं पाकीट काढलं होतं. सेल होता, किंमत तीनशे डॉलरच्या आत होती, आणि सेल संपायला दोनच दिवस होते.

मग आला पिस्तूल घेताना भरायचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म. हा फॉर्म एकदा जरूर वाचावा. तुम्ही फरार आहात का? तुम्ही गांजा ओढता का? (राज्यानं परवानगी दिली असली तरी इथे ती चालत नाही, अशी तंबीही सोबत आहे.) मानसिकदृष्ट्या अक्षम असल्याचा निर्वाळा तुमच्याबद्दल कधी कोणी दिला आहे का? इथे नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अधिकृत असा कधी दिलेला नाही. पुढे, तुम्ही नागरिकत्वाचा त्याग केला आहे का? नवऱ्याचा पेन थांबला. "केलाय की, भारताच्या." मी म्हटलं, "अरे, इथलं विचारतायत, नीट वाच." पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट मिळवताना जो मनस्ताप झाला होता, तो कुठेतरी लिहून काढावा असं त्याला फार दिवस वाटत होतं.

सगळ्यात मजेचा प्रश्न पहिलाच: हे शस्त्र तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना? नवऱ्यानं स्वतःच्या पैशांनी घेऊन बायकोला भेट दिलं तर चालतं. बायकोनं पैसे देऊन 'जा, माझ्यासाठी घेऊन ये' म्हटलं तर तो केंद्रीय गुन्हा. वाण्याकडून चार वस्तू आणायला धाडल्यावर पाच विसरणाऱ्या माणसाला कायद्यानंच या कामातून मोकळं केलंय, हे मला आवडलं.

फॉर्म भरल्यावर दुकानदार एफबीआयकडे तुमच्याबद्दल चौकशी करतो. ही सोय १९९८ पासून आहे. आमच्या वेळी फज संपायच्या आधीच उत्तर आलं. माझा दीर कॅलिफोर्नियात आहे, तिकडे दहा दिवस थांबावं लागतं. तो याला जाच म्हणतो. मला वाटतं, आमच्या घरासारख्या घरांसाठी तो कायदा खास सवलतीत टेक्सासलाही द्यावा. दहा दिवसांत आमच्याकडे किमान चार वस्तूंची हौस फिटून जाते. इथे वाट बघायची भानगड नाही, आणि २०२१ च्या १ सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल जवळ घेऊन फिरायला परवानाही लागत नाही.

आणि माझे मामा! कोकणात रानडुकरांपायी त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक आहे, १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार रीतसर परवान्याची. त्या परवान्यासाठी त्यांनी घातलेल्या खेपा घरात अजून सांगितल्या जातात. वर निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा. त्या बंदुकीनं डुकरांपेक्षा हवालदारच जास्त पाहिलेत.

पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा, आणि तिथल्या बाईंचा दम: नळी कायम समोर, बोट चापावर नको, काहीही झालं तरी. मी ते इवलंसं पिस्तूल धरलं. दोन बोटं मुठीवर बसली, करंगळीला जागाच नाही, ती हवेत. चाप लांबलचक ओढावा लागतो, ओढता ओढता समोरचा कागद आपण मारणार होतो हेच विसरायला होतं. आणि मग हिसका. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कुणी छडी मारावी तसा. कागदावर भोक नव्हतं. मॅगझिन, म्हणजे मुठीतला काडतुसांचा खण, संपेपर्यंत काही भोकं पडली, पण ती एकमेकांच्या ओळखीची नव्हती. मधेच काडतुसाची एक गरम रिकामी पुंगळी उडून माझ्या कॉलरमधून आत उतरली. काहीही झालं तरी म्हणजे काय, ते तेव्हा समजलं. नळी समोर, बोट बाहेर, पिस्तूल हळूच खाली टेकवायचं, आणि मग काय तो नाच करायचा.

बाईंनी न विचारताच आतून ग्लॉक १७ नावाचं भाड्याचं मोठं पिस्तूल आणून ठेवलं. रिकाम्या मॅगझिनसकट पाऊण किलोच्या अलीकडे. काडतूस माझ्या पिस्तुलाच्या काडतुसाहून दमदार, म्हणून मी डोळे मिटूनच घेणार होते. पण वजन जास्त, म्हणून धक्का पिस्तूलच गिळतं आणि हातापर्यंत थोडाच पोचतो. सगळी बोटं मुठीवर, करंगळीसुद्धा नोकरीला लागलेली. कागदाच्या मधोमध भोकांचा एक पुंजका झाला. नवरा गप्प झाला. त्याची भोकं मी मोजली नाहीत, संसार करायचा आहे.

अडचण एवढीच की हे मोठं पिस्तूल कुठे ठेवायचं? बायकांच्या जीन्सला खिसे नावापुरते असतात. पर्समध्ये आधीच मोबाइल, पाण्याची बाटली, मुलीचे सॉक्स, कुणाच्या तरी मुंजीतला सुपारीचा पुडा. आणि पर्स म्हणजे कुठेही टेकवायची, कुणीही उघडायची वस्तू. तिथे पिस्तूल ठेवू नये असं रेंजवरच्या बाईंनी बजावलंच. जे जवळ बाळगता येतं ते मला चालवता येत नाही, जे चालवता येतं त्यासाठी मागे एक हमाल लागेल. घ्यायच्या आधी भाड्यानं चालवून बघता आलं असतं, तेही काही डॉलरमध्ये, हे मी नवऱ्याला शांत आवाजात सांगितलं. शांत आवाजाला तो जास्त घाबरतो. विकायला काढलं तर दुकानदारानं निम्मे देऊ केले. ते डब्यासोबत आलेल्या केबलच्या कुलपासकट आमच्या तिजोरीत जाऊन बसलं.

दसऱ्याच्या सुमारास सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. खंडेनवमीला त्यांनी पाटावर विळी, माझी कात्री, मुलीचा लॅपटॉप आणि ड्रिल मशीन मांडलं आणि म्हणाल्या, "ते तुझं पिस्तूल आण रे. खरं शस्त्र घरात असून ड्रिलची कसली पूजा करतोस?" कुंकू स्लाइडमध्ये जाईल, हळदीनं गंज चढेल, असं नवरा बराच वेळ समजावत होता. शेवटी मॅगझिन काढून, नळी दोनदा तपासून, स्लाइड उघडी ठेवून त्यानं ते पाटाच्या कडेला ठेवलं आणि वर झेंडूचं एक फूल वाहिलं. पिस्तूल फुलाखाली दिसेनासं झालं. सासूबाईंनी फूल बाजूला करून, चष्मा सावरून पाहिलं. किंमत विचारली, रुपयांत गुणली.

"पंचवीस हजारांत याच्याहून मोठं नव्हतं का रे दुकानात?"