‘सहलीचे पैसे घेतले आणि पीटी करून घेतली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आपलं फोनवर बोलणं झालं आहे. तरीही तुमच्या अभिप्रायाखाली इतर पालकांनी विचारणा केली, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांनी मूळ मजकूर वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईंची 13 वर्षांची मुलगी मे अखेरीस आमच्या भंडारदरा शिबिराला होती. ताईंचं म्हणणं असं की जाहिरात निसर्ग पर्यटनाची केली, आणि प्रत्यक्षात मुलांना पहाटे उठवून तासभर व्यायाम करायला लावला. संध्याकाळी गावातल्या मुलांबरोबर कबड्डी खेळवली, त्यात गुडघा सोलवटला. कळसूबाईच्या शिडीपासून मुलीला परत आणलं. धरणाच्या पाण्यात उतरू दिलं नाही, रंधा धबधब्यावर जेमतेम अर्धा तास थांबलो, काजवे बघायला गाडी दिली नाही, आणि घरी आल्यावर पोरगी तीन दिवस पाय धरून बसली. ‘सहलीचे पैसे घेतले आणि पीटी करून घेतली’ हे त्यांचं शेवटचं वाक्य.

वाक्य झकास जमलंय. फक्त त्यात सहल एकीकडे आणि पीटी दुसरीकडे, असं गृहीत धरलंय. आमच्या शिबिरात पीटी काढून टाकली तर मी एकाही मुलाला डोंगरावर नेणार नाही. का, ते सांगतो.

पहिल्या दिवशी मुलं बसमधून उतरली, पोहे खाऊन झाले की आम्ही त्यांना मैदानावर सोडतो. लगोरी, लंगडी, साखळी, मग खो-खो. बघणाऱ्याला वाटतं, तंबू लागेपर्यंत पोरांना गुंतवून ठेवलंय. त्या वेळात आमचे लीडर कडेला वही घेऊन उभे असतात. दोन मिनिटांत तोंडाने श्वास कोण घ्यायला लागलं, धावताना एक पाय जपून कोण टाकतंय, उडी मारून खाली येताना कोणाचे गुडघे आतल्या बाजूला वळतात, पडल्यावर कोण सांगतं आणि कोण लपवतं, हे सगळं त्या वहीत उतरतं. सगळ्यात महत्त्वाची नोंद शिट्टीची. शिट्टी वाजल्यावर जागच्या जागी थांबणारं मूल आणि आणखी चार पावलं धावणारं मूल यांत मैदानावर काही फरक पडत नाही. डोंगराच्या अरुंद सोंडेवर त्या चार पावलांनी काय होतं, हे मी वेगळं लिहायला नको.

तुम्ही म्हणाल, त्यासाठी फॉर्म भरून घेतलाच होता की. घेतो. ‘आरोग्याची तक्रार नाही’ असं जवळजवळ सगळेच पालक लिहितात, आणि मग दम्याचा पंप सॅकच्या तळाशी, मोज्यांच्या खाली सापडतो. मुलाला शिबिराला घेणार नाहीत अशी भीती वाटते म्हणून घरचे लिहीत नाहीत, आणि मित्र हसतील म्हणून मूल बोलत नाही. अर्ध्या तासाच्या खो-खोत ते आपोआप कळतं. दमा असलेल्या मुलाला आम्ही घरी पाठवत नाही. त्याच्या गटातला लीडर तो पंप स्वतःच्या खिशात ठेवतो, एवढंच.

खो-खोच का, हेही एका पालकांनी खाली विचारलंय. या खेळात एका बाजूचे नऊ जण मैदानात असतात. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसतात आणि नववा धावतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा सोडता येत नाही. ‘खो’ मिळाला की बसलेल्याने त्या क्षणी उठून सुसाट सुटायचं. गुडघ्यात वाकून बसणं, तिथून झटक्यात उठणं आणि वेगात असताना तोल न सोडता वळणं, हे सगळं घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावरून, उतरताना लागतं. मुरमाड उतारावर घाबरलेलं मूल ताठ उभं राहतं, मागे रेलतं आणि बरोबर तिथेच घसरतं. ‘गुडघे वाक, पावलं लहान टाक’ असं डोंगरावर ओरडून उपयोग नसतो. ते आदल्या दिवशी पायात यावं लागतं. सकाळच्या तासातल्या बैठका, एका पायावर डोळे मिटून उभं राहणं, दगडावरून दगडावर उड्या या त्याच कारणासाठी. सूर्यनमस्कार आहेत, पण खरं सांगायचं तर ते सगळ्यांना जागं करायला आहेत.

आता दुखलेले पाय. चढताना दम लागतो आणि दुखतं ते उतरल्यावर. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच जोर लावून शरीर थोपवून धरावं लागतं. अशा कामाची सवय नसली की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ते दुखणं लगेच येत नाही, साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतं आणि मग आपसूक ओसरतं. तुमची मुलगी तीन दिवस पाय धरून बसली आणि चौथ्या दिवशी शाळेच्या ग्राउंडवर गेली, हे तुम्हीच लिहिलंय. दुखणं आठवडाभर टिकलं असतं, एकाच सांध्यात असतं किंवा सूज आली असती, तर मीच तुम्हाला डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं.

‘रोज तासभर व्यायाम म्हणजे लष्करी छावणी’ असंही तुम्ही म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगतात, आणि स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस. हे शिबिरासाठी सांगितलेलं नाही, रोजच्यासाठी आहे. याच संघटनेच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये जगभरातल्या 11 ते 17 वयाच्या मुलांचा हिशेब मांडला, तेव्हा 81 टक्के मुलं एवढंही करत नाहीत असं निघालं. आपल्याकडच्या शाळांत पीटीचा तास बहुधा गणिताच्या बाईंनी पोर्शन संपवायला मागून घेतलेला असतो. त्यामुळे आमच्याकडे येऊन तो अचानक फार वाटतो.

कळसूबाई. तुमच्या मुलीला शिडीपासून का परत आणलं, त्याचं कारण फोनवर सांगितलं आहे आणि इथे लिहिणार नाही. ती 13 वर्षांची आहे आणि हे तिच्या वर्गातली मुलंही वाचू शकतात. नियम तेवढा सांगतो. शिखर 1646 मीटरवर, राज्यातलं सगळ्यात उंच. बारी गावातून निघालं की 800 मीटरहून जास्त उंची चढायची असते. मे महिन्यात आम्ही उजाडायच्या आत निघतो, कारण ऊन चढलं की लोखंडी शिड्या आणि कठडे हाताला चटके देतात आणि वर पाण्याचा भरवसा नसतो. मोठ्यांच्या मानाने मुलांना घाम कमी येतो, त्यांचं अंग लवकर तापतं. म्हणून परतायची वेळ निघण्याआधीच ठरलेली असते. त्या वेळेला जो जिथे असेल तिथून मागे फिरतो, मग शिखर शंभर पावलांवर का असेना. शिवाय लीडरला एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर वेळ व्हायचीही वाट बघत नाही. परत फिरणाऱ्यांबरोबर एक लीडर आणि गावातला एक वाटाड्या असतोच. ‘इतरांच्या मुलांनी वर फोटो काढले, माझीच राहिली’ हे तुमचं दुःख मला कळतं. त्यावर माझ्याकडे औषध नाही, आणि पुढच्या बॅचलाही मी हेच करणार.

धरणात पोहायचं म्हणाल तर उत्तर कायम नाही असंच राहील. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, काठावर गाळ उघडा पडतो, वरून सुकलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो. पुढे उतार कुठे तुटतो ते दिसत नाही. तरणतलावात पोहणारी मुलंही अशा ठिकाणी गोंधळतात. लाइफ जॅकेट घालून, ओळखीच्या नाववाल्याबरोबर होडीतून फेरी मारली, ती आमच्या मते पुरेशी आहे.

रंध्यावर जास्त थांबलो नाही कारण बघायला फार काही नव्हतं. उन्हाळ्यात तिथे दिसणारं पाणी हे आवर्तनाचं, म्हणजे धरणातून ठरावीक पाळीने सोडलेलं. आवर्तन नसलं की उरतो तो काळा कातळ. जाहिरातीतला फेसाळणारा फोटो पावसाळ्याचा आहे आणि फोटोखाली तसं लिहिलेलं आहे.

काजव्यांना गाडी दिली नाही हे खरं. काजवे चमकतात ते जोडीदाराला खुणावायला. गाडीचा हेडलाइट, टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश पडला की त्या खुणा विरतात. म्हणून आम्ही गाडी लांब उभी करतो आणि मुलांना अंधारात, एका रांगेत, पुढच्याच्या सॅकला हात न लावता चालवतो. पाच मिनिटांत डोळे सरावतात, पाय जमीन चाचपायला शिकतात. हिरड्या-सादड्याचं झाड काजव्यांनी लखलखताना तुमच्या मुलीने पाहिलं आहे. तिला विचारा, गाडीच्या काचेतून पाहायला आवडलं असतं का. मोबाईल काढून घेण्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही, तो नियम फी भरताना कळवलेला असतो.

कबड्डीवर मात्र मला जरा रेंगाळायचंय. ‘गावातल्या मुलांबरोबर जबरदस्तीने खेळवलं’ असं तुम्ही लिहिलंय. जबरदस्ती नव्हती, कडेला बसून गुण मोजणारी मुलंही होती. मैदानातले खडे आमच्या मुलांनी आणि गावच्या मुलांनी मिळून वेचले, तरी मातीवर पडलं की खरचटतं. जखम लगेच धुतली, पट्टी बांधली. धनुर्वाताची लस 10 व्या आणि 16 व्या वर्षी घ्यायची असते, तिची नोंद आम्ही फॉर्मवर मागतो ती यासाठीच. पण खरा मुद्दा पुढचा आहे. शहरातून फिरायला आलेल्या मुलांना गावातली माणसं भेटतात ती कोण म्हणून? वाढणारी मावशी, सामान उचलणारा दादा, वाट दाखवणारा काका. मैदानावर तीच गावातली पोरं यांना पकडून आडवं करतात. तुमच्या मुलीच्या वयाच्या तिथल्या मुली 30 सेकंदांच्या एका चढाईत तिघांना बाद करून परत येतात. आमच्या मुलांना ते सुरुवातीला झोंबतं, आणि रात्री जेवायला सगळी एका पंगतीत बसली की तीच त्यांना डाव विचारत असतात. शेकोटीशी आम्ही 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, ती हकिकत सांगतो. पण संध्याकाळी स्वतः बाद झालेल्यालाच ती नीट ऐकू येते, असा माझा अनुभव आहे.

काही पालकांनी दुसऱ्या आयोजकांची नावं सुचवली आहेत. जरूर जा. फक्त कोणाकडेही गेलात तरी, आमच्यासकट, राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे केलेली नोंदणी बघायला मागा. लीडरपैकी किती जणांनी मान्यताप्राप्त संस्थेतून गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, मुलींच्या गटाबरोबर बाई लीडर असते का, आणि मूल अर्ध्यातून परत फिरलं तर त्याच्याबरोबर कोण येतं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळे शिखर गाठतातच’ असं उत्तर आलं, तर तिथे पैसे भरू नका.

राहिली फी. शिबिर पूर्ण झालेलं आहे, ठरलेला सगळा कार्यक्रम झाला, त्यामुळे परतावा देता येणार नाही. तुमच्या मुलीच्या गटाच्या वहीतली तिची पानं तुम्हाला पाहायची असतील तर कार्यालयात या, समोर बसून दाखवतो. झेरॉक्स देत नाही, कारण त्याच पानांवर इतर मुलांच्याही नोंदी असतात. मंगळवारी कार्यालय बंद असतं.