दोर नसेल तर शँटी कसली?

२०२१च्या जानेवारीत ते 'वेलरमन' गाणं तुमच्याही मोबाईलवर येऊन गेलं असेलच. नेथन एव्हन्स नावाच्या स्कॉटिश पोस्टमननं गायलेलं, मग जगभरच्या लोकांनी त्यात आपापले आवाज मिसळलेले. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू! पण तेव्हापासून जो तो त्याला शँटी म्हणतोय, त्याची चीड येते. ते न्यूझीलंडकडच्या देवमासे मारणाऱ्यांचं कथागीत. शँटी म्हणजे शिडाच्या जहाजावर कामाच्या तालात म्हणायचं गाणं, म्हणजे अवजारच, दोरखंड नि कप्पीसारखं.

शीड बांधलेली आडवी काठी वर चढवायची म्हणजे अफाट वजन. शँटीमॅन, म्हणजे गाणं सांगणारा खलाशी, एक ओळ म्हणणार, तेवढ्यात बाकीचे दम घेऊन दोरावर हात पुढे सरकवणार. मग सगळ्यांनी धृपद उचलायचं आणि त्यातल्या ठरलेल्या शब्दांवर हिसका द्यायचा. नांगर उचलताना उभ्या रहाटाचे दांडे ढकलत गोल गोल चालायचं, म्हणून तिथली धृपदं लांबलचक. ओळी संपल्या तर शँटीमॅन जागेवर रचणार. काम झालं की गाणं तिथंच तुटणार, गोष्ट अर्धी राहिली तरी. भलरी म्हणत कापणी करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आणि एवढं गायचं कशाला? माणसं कमी म्हणून! नेल्सनच्या 'व्हिक्टरी' युद्धनौकेवर ८००च्या वर माणसं, तर चहा आणणाऱ्या 'कटी सार्क'वर जेमतेम ३०. ब्रिटिश नौदलात कामाच्या वेळी गायला मनाई, तिथं शिट्टी नाहीतर फिडल. व्यापारी जहाजाच्या मालकाला पगार वाचवायचे होते. कमी पडलेले हात गाण्यानं भरून काढले. यात रम्य-बिम्य काही दिसत असेल तर बघा बुवा.

शिवाय ही सगळी गोऱ्या दाढीवाल्यांची गाणी नव्हेत. अमेरिकेच्या दक्षिणेत, मोबीलसारख्या बंदरांत, जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या स्क्रूनं दाबून बसवणारे काळे मजूर गायचे. कितीतरी चाली तिथून जहाजांवर चढल्या.

पुढे वाफ आली, दोर ओढणारं यंत्र म्हणजे विंच आली, दोर ओढायला माणसं लागेनाशी झाली. शेवटचा शँटीमॅन म्हणून ओळखले गेलेले स्टॅन ह्यूगिल ज्या 'गार्थपूल' या शिडाच्या जहाजावर होते, ते १९२९मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्ड बेटांजवळ फुटलं.

माझी सगळ्यात लाडकी शँटी 'लीव्ह हर, जॉनी'. सफर संपून जहाज धक्क्याला लागलं, शेवटचं पाणी उपसायचं तेवढं उरलं, की ती म्हणायची. किडकं जेवण, कप्तान, त्याच्या हाताखालचा अधिकारी मेट, सगळ्यांचा उद्धार तिच्यात. महिनोन् महिने गिळलेलं. भर समुद्रात म्हटली असती तर बंडखोरी ठरली असती. आता रीलवर तीच चार सुरांत इतकी गोड म्हणतात, की कप्तानानंसुद्धा लाइक केली असती.