पांढरी पाच, किंचित चढी

रविवारी दुपारी मी २२ मिनिटं रेकॉर्ड प्लेअरला बोट लावून उभा होतो. सुईच्या दांडीच्या बुडाशी जी धातूची कडी असते, तिला तर्जनी टेकवली की स्पीकरमधली 'घूंऽऽऽ' गप्प. बोट काढलं की पुन्हा सुरू. सासरे सिन्नरहून खास भीमसेनांची एलपी ऐकायला आलेले. ते डोळे मिटून सोफ्यावर, मी स्टूलाशेजारी एका पायावर. चहा आला तो डाव्या हाताने प्यालो. बाजू संपली तेव्हा सासरे म्हणाले, "वा!" ते भीमसेनांना होतं. हिने फक्त एवढंच म्हटलं, "चला, कशाला तरी उपयोग झाला."

प्लेअर वडिलांचा, बरीच वर्षं माळ्यावर पडलेला. तो खाली काढायचं खूळ माझंच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची सोय नाही. आता सुईतून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, आणि भोवती भिंतीभिंतीतून धावतात २३० व्होल्ट. त्यात रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आणि अँप्लिफायर तो वाजवताना भरून काढतो. १९५४ पासूनची ही ठरलेली पद्धत. म्हणजे ५० हर्ट्झची घरगुती वीज चोरपावलांनी आत शिरली, की अँप्लिफायर तिला पाट मांडून वाढतो.

सोमवारी इलेक्ट्रिशियन आला. पोरगा हुशार. त्याने सॉकेट उघडलं, टॉर्च मारला आणि हसला.

"काका, अर्थिंग कुठंय?"

"हे काय, तिसरं भोक."

"भोक आहे. मागे काही नाही."

हिरवी वायर भिंतीतून दोन बोटं बाहेर येऊन तिथेच कापलेली. आम्ही एवढी वर्षं ज्या भोकात इमानाने तिसरी पिन खुपसत होतो, ते नुसतं शोभेला होतं. "न्यूट्रलवरून एक तुकडा मारून देतो, टेन्शन नाही," तो म्हणाला. टेन्शन कसं नाही? न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रिजपासून गिझरपर्यंत सगळ्यांची अंगं जिवंत होतात. मी नको म्हटलं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पक्कं बिल मागितलं.

आणि नेमके त्याच वेळी समोरच्या फ्लॅटमधले पेटीवाले सर उघड्या दारातून आत आले. निवृत्त संगीतशिक्षक. चपला बाहेर काढल्या, सॉकेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही, स्पीकरसमोर जाऊन हात जोडले.

"कुणी लावलाय हा सूर?"

"आपोआप लागलाय, सर. तोच काढतोय."

"काढताय?" सर खाली बसले. "अहो, चार दिवस मी यावर रियाज करतोय. पांढरी पाच. किंचित चढी."

पांढरी पाच म्हणजे पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, आणि चढी म्हणजे त्याहून जरा वर. मला वाटलं, थट्टा करताहेत. ते उठले, घरी गेले, पेटी घेऊन आले. खर्जातली पांढरी पाच दाबली. खरंच तीच, घूं केसभर वर. इलेक्ट्रिशियनने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मांडी घातली. त्याचे पैसे तासावर होते.

"पण ही बायकांची पट्टी," सर म्हणाले. "मी त्याला पंचम धरतो आणि पांढरी एकला गातो." आणि गायलेच.

गप्प बसायचं सोडून मी माहिती पुरवली. म्हटलं सर, ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची विजेची ग्रिड उरलेल्या देशाला जोडली, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच ठेक्यात घुमतात. सर विचारात पडले.

"म्हणजे सबंध देश पांढरी पाचला?"

"साधारण."

"पुरुषांचा विचारच केला नाही हो कुणी."

मग म्हणाले, संध्याकाळी सूर थोडा उतरतो. आता संध्याकाळी लोड वाढून फरक पडला तरी तो पडतो दशांश हर्ट्झचा, तो माणसाच्या कानाला कळत नाही. सरांना कळतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला तिथे आपण राहतो, असं ते वर ऐकवून गेले. जाताना दारात थांबले. "काल भीमसेन लावले होतेत ना? घूं सुरात होती. भीमसेन उतरलेले वाटले." हे मात्र मला लागलं.

घूं शेवटी सॉकेटमध्ये नव्हतीच. प्लेअरमधून एक बारीक वायर निघते आणि अँप्लिफायरच्या पाठीवरच्या स्क्रूला जाते. मी ती चारदा घट्ट केली होती. मंगळवारी मल्टिमीटर लावला तर बीप नाही. बाहेरून रबर धडधाकट, आत वळणावर तांबं तुटलेलं. म्हणून माझं बोट लागायचं.

वायर आणायला मेनरोडला गेलो. दुकानदार म्हणाला, "बंडल ९० मीटरचं." मला हवी होती एक मीटर. एवढीशीसाठी बंडल तोडत नाही म्हणाला. हाकेच्या अंतरावर भांडी बाजारात तांब्याचे हंडे टांगलेले, आणि मला मीटरभर तांबं कुणी देईना. शेवटी इलेक्ट्रिशियननेच पिशवीतून एक तुकडा काढून दिला. फुकट. सरांसमोर मांडी घातल्याचे पैसे मात्र आधीच घेतले होते.

डाग दिला, स्क्रू आवळला, आवाज शेवटपर्यंत वाढवला. काही नाही. भुताखेतासारखी शांतता. बोट मोकळं.

सर संध्याकाळी आलेच. उतरलेल्या चेहऱ्याने बसले, भीमसेन लावायला सांगितले, पेटीवर हलकेच सूर दाबून पाहिला. "बघा. पाव सूर खाली. बेल्ट सैल झाला असेल."

सैल झालाच होता.

अर्थिंगचं मी सोसायटीत काढलं. खड्डा पार्किंगमध्ये आहे म्हणे, पण कुठे ते कुणालाच सांगता येईना, कारण मागल्या दिवाळीत वर पेव्हर ब्लॉक बसवले. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं, हे ऐकून सेक्रेटरी दचकले. फोडायचे तर ठराव लागेल. ठरावाला सभा लागेल. सभेला कोरम. फ्रिजच्या दाराला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, हेही मी सांगितलं. त्यांच्याकडेही येतात म्हणे. ते रबरी चपला घालून दूध काढतात.

आम्ही कालच दोन जोड आणले.